खलाशी लाईनची आजी

नागपूरच्या खलाशी लाईनमध्ये १९२६ साली जन्मलेल्या कौसल्याताई बैसंत्री यांचे 'दोहरा अभिशाप' हे आत्मकथन १९९९ साली हिंदीत आले. वाचताना आम्ही थबकलो ते त्यांच्या आजीपाशी. ही बाई बालविधवा. पुढे पाट लागला, घर खाऊनपिऊन सुखी होते. पण नवऱ्याचा मार सोसेना, तेव्हा लेकरांना घेऊन ती पायी नागपूरला निघून आली. माघारी फिरली नाही. मोलमजुरी केली, कुणापुढे हात पसरला नाही. स्वतःच्या मौतीचे सामानसुद्धा तिने आधीच जमवून ठेवले होते म्हणे!

तिची लेक एम्प्रेस मिलमध्ये राबली आणि लोकांचे टोमणे ऐकत तिने मुली शिकवल्या. २० जुलै १९४२ रोजी नागपुरात दलित महिलांच्या परिषदेत बाबासाहेब बोलले, तेव्हा कौसल्याताई सोळाव्या वर्षात होत्या.

मिल २००२ साली बंद पडली. अशा आज्या आपल्या कितीतरी घरांत होऊन गेल्या. त्यांची जन्मतारीखही कुणी लिहून ठेवली नाही. ज्यांच्या घरी म्हातारी अजून आहे, त्यांनी आज जेवणानंतर तिच्याजवळ बसून एवढेच विचारावे, "आजी, तू या गावात कशी आलीस?"