जुन्या वाड्याचे नवे रूप

पुणे, सातारा, वाई, नाशिक यांसारख्या जुन्या गावांतून शे-दीडशे वर्षांपूर्वी बांधलेले वाडे अजूनही दृष्टीस पडतात. काळ्या दगडाचे जोते, त्यावर रुंद भिंती, सागवानी दरवाजा, रस्त्याकडे डोकावणारा सज्जा आणि वर कौलारू छप्पर, असे त्यांचे साधारण रूप असते. काळाच्या ओघात या रूपाला अवकळा येते. गिलाव्याचे पोपडे पडतात, लाकूड काळवंडते, जोत्यालगत शेवाळ धरते. मग घरधन्याला वाटते, की वाड्याचे दर्शनी रूप पुन्हा नवे करावे. ही इच्छा रास्त आहे; परंतु ती पुरी करण्याच्या एका मार्गाने वाड्याचे आयुष्य वाढते, तर दुसऱ्या मार्गाने ते घटते. हे कसे घडते ते कळण्यासाठी जुन्या भिंतीचा स्वभाव आधी जाणून घेतला पाहिजे.

एक कोरडी वीट ताटलीतील थोड्याशा पाण्यात उभी ठेवावी. काही वेळाने पाण्याच्या पातळीच्या वरचा विटेचा भागही ओला झालेला दिसेल. विटेतील सूक्ष्म छिद्रांतून पाणी वर चढते. या क्रियेस केशाकर्षण म्हणतात. जुन्या भिंती वीट, माती व चुना यांच्या असल्यामुळे जमिनीतील ओल त्यांत अशीच वर चढते. पावसाळ्यात झडीचे पाणीही त्यांत मुरते. तरीही त्या शतकभर उभ्या राहतात, कारण आत शिरलेली ओल उघडीप पडताच चुन्याच्या गिलाव्यातून हळूहळू बाहेर पडते व हवेत विरून जाते. जुनी भिंत जणू श्वास घेते आणि सोडते.

हा गुण चुन्याच्या घडणीतच आहे. चुनखडी भट्टीत भाजली, म्हणजे तिच्यातील कर्बद्विप्राणिद वायू निघून जातो व कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी घालताच तो उकळू लागतो आणि फुटून विरतो. विरलेला चुना व वाळू यांचे मिश्रण पूर्वी बैलांनी ओढलेल्या दगडी चाकाखाली, चुन्याच्या घाणीत, मळीत असत. त्यात गुळाचे पाणी, हिरडा किंवा बेलफळाचा गर मिसळण्याचीही रीत होती. हा गिलावा भिंतीवर बसला, की तो हवेतील तोच वायू पुन्हा शोषून घेतो आणि हळूहळू दगडासारखा घट्ट होतो. मात्र त्यातील सूक्ष्म छिद्रे मोकळीच राहतात.

सिमेंटचा स्वभाव निराळा आहे. इंग्लंडमधील जोसेफ ॲस्पडिन याने 1824 साली पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले. भारतात 1914 साली पोरबंदर येथील कारखान्यातून सिमेंट बाहेर पडू लागले. ते लवकर घट्ट होते व फार कठीण बनते. नव्या इमारतींना हे गुण उपकारक ठरतात. पण जुन्या, मऊ भिंतीवर सिमेंटचा जाड थर दिला आणि वर तैलरंग फासला, की ओलीची वाट अडते. भिंत बाहेरून गुळगुळीत दिसते, पण आत पाणी कोंडते. ते वाट शोधत आणखी वर चढते, भिंतीला लोणा लागतो आणि विटांचा भुगा होऊ लागतो. भिंतीत बसविलेल्या तुळयांची टोके कुजतात. ओलसर लाकडाला वाळवीही लवकर गाठते. काही वर्षांनी सिमेंटचा पापुद्रा गळून पडतो, तेव्हा त्याच्यासोबत विटांचे तुकडेही निघून येतात.

म्हणून जाणता गवंडी रंगाने आरंभ करीत नाही. प्रथम तो छपराकडे पाहतो. फुटकी कौले बदलून, पन्हळ नीट करून तो भिंतीवर येणारे पाणी थांबवितो. मग जोत्यालगत साचलेली माती काढून पागोळ्यांचे पाणी दूर वाहून जाईल असा उतार करतो. त्यानंतर सुतार लाकूडकाम हाती घेतो. रंगाचे जुने थर खरवडून, कुजलेला तेवढाच भाग कापून तेथे नव्या सागवानाचा तुकडा सांधला जातो आणि लाकडाला जवसाचे तेल दिले जाते. सरतेशेवटी भिंतीची पाळी येते. सुटलेला गिलावा काढून, भिंत पाण्याने भिजवून, चुन्याचे पातळ थर एकावर एक दिले जातात. प्रत्येक थराला घट्ट होण्यास अवधी लागतो. भर उन्हात घाई केली तर तो तडकतो. वर गेरू किंवा पिवळी माती मिसळलेली सफेदी दिली, की भिंत उजळते. ही सफेदी पावसाने धुपते, म्हणूनच दिवाळीच्या सुमारास घरांना नव्याने सफेदी देण्याची चाल पडली.

पुण्याचा विश्रामबाग वाडा दुसऱ्या बाजीरावाच्या काळात, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बांधला गेला. 1821 साली तेथे संस्कृत पाठशाळा भरू लागली. 1879 साली लागलेल्या आगीत त्याचा काही भाग जळाला व तो पुन्हा उभारण्यात आला. वाड्याचे उपयोग पालटले, त्याची वारंवार डागडुजी झाली, तरी रस्त्याकडील नक्षीदार सज्जा व सुरूच्या आकाराचे लाकडी खांब आजही त्याची ओळख सांगतात.

जुन्या घराला नवे रूप देणे म्हणजे त्याच्यावर नवा मुखवटा चढविणे नव्हे. घर कशाचे बनले आहे आणि त्यात पाणी कोठून येते व कोठे जाते, हे ज्याला कळले, त्याच्या हातून झालेले काम डोळ्यांना सुख देते आणि भिंतींनाही सुखरूप ठेवते.