‘किमान देय’ भरलं, म्हणजे?

क्रेडिट कार्डाच्या बिलावर दोन आकडे असतात: एकूण देय आणि किमान देय. किमान रक्कम, बहुधा पाच टक्क्यांच्या आसपास, भरली की दंड टळतो. व्याज टळत नाही. समजा, थकबाकी ४०,००० रुपये आणि व्याज महिना साडेतीन टक्के. महिन्याचं व्याज झालं १,४००, त्यावर १८ टक्के जीएसटी २५२. म्हणजे भरलेल्या २,००० रुपयांतून मुद्दल फिटतं जेमतेम ३४८! शिवाय थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. किराण्यावरही खरेदीच्या दिवसापासून व्याज. (हे बिलात लिहिलेलं असतं, बारीक अक्षरांत.) अशा वेळी कार्ड कपाटात ठेवावं आणि बँकेचं कमी व्याजाचं कर्ज काढून, प्रसंगी सोनं तारण ठेवूनही, थकबाकी एकरकमी मिटवावी.