घरच्या घरी अळिंबी आणि भाजीपाला

उज्जैनच्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात सोयाबीन आणि हिवाळ्यात गहू ही आपली मुख्य पिके. दोन्ही बाजारात जातात. घरात पोळी भरपूर, पण भाजी मात्र विकतची, अशी अनेक घरे आपल्या धर्मग्रामात आहेत. दुसरीकडे गव्हाचे काड शेतातच पेटवून दिले जाते. त्याने धूर होतो आणि जमिनीचा कसही जातो. हेच काड कोरड्या जागी साठवून ठेवले, तर त्यावर धिंगरी अळिंबी घेता येते आणि उरलेल्या काडाचे खत परसबागेला मिळते.

आपल्याकडे ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा या पिकाचा काळ. पावसात भिजून काळे पडलेले काड घेऊ नये. स्वच्छ काडाचे दोन-तीन बोटे लांबीचे तुकडे पोत्यात भरून रात्रभर पाण्यात भिजवावेत. सकाळी ते सुमारे ८० अंश तापलेल्या पाण्यात, म्हणजे उकळी येण्याच्या आधीच्या पाण्यात, एक तास ठेवावेत. मग निथळू द्यावेत. मुठीत दाबल्यावर पाणी टपकू नये, तळवा मात्र ओला व्हावा.

अशा पाच किलो ओल्या काडाला १०० ग्रॅम बियाणे पुरते. प्लॅस्टिकच्या पिशवीत काडाचा एक थर, वर थोडे बियाणे, अशी भरणी करून तोंड बांधावे व बाजूंना बारीक छिद्रे पाडावीत. पिशव्या अंधाऱ्या, स्वच्छ खोलीत ठेवाव्यात. पंधरा-वीस दिवसांत काड पांढऱ्या बुरशीने बांधले जाते. तेव्हा पिशवी कापून काढावी, खोलीत थोडा उजेड व वारा येऊ द्यावा आणि दिवसातून दोन-तीनदा पाणी फवारावे. आठवडाभरात पहिली तोडणी होते. पुढे आठ-दहा दिवसांच्या अंतराने आणखी दोन. एक किलो कोरड्या काडापासून साधारण अर्धा ते एक किलो ताजी अळिंबी मिळते. हिरवी बुरशी दिसलेली पिशवी लगेच घराबाहेर नेऊन पुरावी. कडा वर वळण्याआधीच तोडणी करावी. उशीर झाला तर बारीक भुकटी उडते आणि दम्याच्या माणसाला त्रास होतो. खोलीत जाताना नाकाला फडके बांधावे.

आता सर्वांत महत्त्वाची सूचना. पहिल्या पावसानंतर बांधावर, उकिरड्यावर उगवलेल्या छत्र्या खाऊ नयेत. चांदीचे नाणे काळे पडले नाही, लसूण काळा झाला नाही, किडे खातात म्हणजे ती चांगली, या साऱ्या परीक्षा खोट्या आहेत. काही जातींचे विष शिजवूनही जात नाही. उलट्या-जुलाब सहा ते चोवीस तासांनी सुरू होतात, मध्येच बरे वाटते आणि तोवर यकृत निकामी होऊ लागते. असा संशय आला तर घरगुती उपाय करत बसू नये. उरलेली अळिंबी सोबत घेऊन तडक इस्पितळ गाठावे.

अळिंबीत नऊ-दशांश पाणीच असते. ती औषध नव्हे. पण तिच्यात प्रथिने व ब जीवनसत्त्वे आहेत आणि उपवासकाळात मांसाऐवजी ती ताटात चांगली शोभते. नीट शिजवूनच खावी. पहिल्यांदा थोडीच खाऊन पाहावी.

तोडण्या संपल्यावर उरलेले काड शेणात मिसळून कुजवावे. मोरीजवळच्या तीन-चार वाफ्यांना हे खत द्यावे. मेथी महिन्याभरात कापणीला येते. पालक, मुळा, वांगी, टोमॅटो मागोमाग. काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून पावसाळ्यात वाफे उंच करावेत. पालेभाजीवर लिंबू पिळल्यास तिच्यातील लोह अंगी चांगले लागते. मुलाबाळांना व गरोदर स्त्रियांना त्याची विशेष गरज असते.

बियाण्यासाठी व शिकण्यासाठी उज्जैनच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करावी. सुरुवात चार पिशव्यांनीच करावी. ताजी अळिंबी दोन-तीन दिवसच टिकते. म्हणून गिऱ्हाईक ठरल्याशिवाय पिशव्या वाढवू नयेत. आधी घरच्यांनी पोटभर खावी, मग उरली तर विकावी.