घरी गणित शिकवायचंय? आधी ‘आठ अधिक पाच’चं पान उघडा

अमेरिकेत मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवायचं ठरवलं, की वाचनाची सोय गावातल्या ग्रंथालयात होते. गणिताची होत नाही, कारण गणिताला क्रम लागतो. होमस्कूलिंग पन्नासही राज्यांत कायदेशीर आहे. टेक्सासमध्ये कुणाला कळवावंही लागत नाही. न्यूयॉर्कमध्ये दरवर्षी आराखडा आणि दर तिमाहीला अहवाल द्यावा लागतो. पुस्तक मात्र दोन्हीकडे तुम्हालाच निवडायचं असतं, आणि बाजारात सिंगापूर, सॅक्सन, मॅथ-यू-सी, राइटस्टार्ट, बीस्ट अकॅडमी अशी रांगच लागलेली आहे.

पहिली-दुसरीच्या गणितात शिकवण्यासारखं असं काय आहे, असं आपल्यासारख्या शिकलेल्या पालकांना वाटतं. आहे: दहा. दहा सुट्या वस्तूंची एक जुडी होते आणि मग ती जुडीच ‘एक’ म्हणून मोजता येते, ही कल्पना सहा वर्षांच्या मुलासाठी प्रचंड मोठी आहे. आपल्याला ती इतकी अंगवळणी पडलेली असते, की त्यात अवघड काय हेच दिसत नाही.

म्हणून माझी चाचणी सोपी आहे. कुठलंही पुस्तक हातात घ्या आणि ८ + ५ पहिल्यांदा येतं ते पान उघडा. काही पुस्तकं मुलाला आठच्या पुढे बोटांवर मोजायला लावतात: नऊ, दहा, अकरा, बारा, तेरा. काही सरळ पाठच करून घेतात. दोन्हींनी उत्तर बरोबर येतं, त्यामुळे पालक निर्धास्त असतात. पुढे ४८ + ३५ आलं की बोटं पुरत नाहीत आणि ‘हातचा एक’ हा निव्वळ मंत्र होऊन बसतो. चांगलं पुस्तक पाचाचे दोन आणि तीन करतं, दोन आठाला देऊन दहा पुरे करतं, उरतात तीन. दहा आणि तीन. हीच युक्ती मग ४८ ला ५० करायला कामी येते.

इथे भाषा आडवी येते. चिनी भाषेत तेराला ‘दहा-तीन’ असंच म्हणतात. केविन मिलर आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली चिनी आणि अमेरिकन बालकांच्या मोजण्याची तुलना केली, तेव्हा दहापर्यंत फरक नव्हता. तो अकराच्या पुढे दिसू लागला. जर्मनमध्ये पंचवीसला ‘पाच आणि वीस’ म्हणतात. ऑस्ट्रियातल्या पहिलीच्या मुलांना आकडे ऐकून लिहायला सांगितले, तेव्हा त्यांच्या जवळपास निम्म्या चुका या उलट्या क्रमाशी निगडित होत्या. आपली मराठीही तशीच, उलट जास्तच खट्याळ: ‘पंचवीस’मध्ये पाच आधी, ‘एकोणतीस’मध्ये तर चक्क वजाबाकी. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाने ‘पंचवीस’ ऐकून ५२ लिहिलं, तर ते कानाने ऐकलं तेच लिहितंय. रागावू नका.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस तीन’ अशी वाचनाची रीत आली, तेव्हा केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल. प्रकरण विधानसभेपर्यंत गेलं. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी बाजू मांडली, पण विनोदांच्या गर्दीत मुद्दा हरवला. अमेरिकेतल्या राइटस्टार्ट या अभ्यासक्रमात जोन कॉटर यांनी हेच केलंय: सुरुवातीला तेवीसला ‘दोन-दहा तीन’ म्हणायचं. सोबत शंभर मण्यांचा अबॅकस, प्रत्येक तारेवर पाच-पाचच्या दोन रंगांत दहा मणी. आपल्या घरी ‘तेवीस, म्हणजे वीस आणि तीन’ असं दोन्ही म्हणावं. ‘तेवीस’ कुठे पळून जात नाही.

सिंगापूरची पुस्तकं दहाच्या चाचणीत सहज पास होतात. आधी वस्तू, मग चित्र, मग चिन्ह, हा त्यांचा क्रम जेरोम ब्रूनर यांच्या विचारांतून आलेला आहे. १९९५ च्या टिम्स या आंतरराष्ट्रीय चाचणीत सिंगापूर चौथी आणि आठवी दोन्हींत पहिलं आलं, आणि अमेरिकेत या पुस्तकांचा बोलबाला वाढला. पण तिथे वर्गात प्रशिक्षित शिक्षक असतो. मुलांचं पुस्तक बारीकसं असतं, खरं शिकवणं पालक-मार्गदर्शिकेत आहे. ती न घेता नुसती स्वाध्यायपुस्तिका सोडवून घेणं म्हणजे अर्धाच अभ्यासक्रम घेणं.

सॅक्सनच्या सुरुवातीच्या इयत्तांत शिक्षकाने काय बोलायचं तेही छापलेलं असतं आणि जुन्या गोष्टी रोज थोड्या-थोड्या परत येतात. अंतर ठेवून केलेली उजळणी जास्त टिकते, हे मानसशास्त्रातलं फार भक्कम निरीक्षण आहे. दमून घरी येणाऱ्या आई-बाबांना ही तयार संहिता वरदान वाटते. चटकन समजणाऱ्या मुलाला मात्र कंटाळा येऊ शकतो. मॅथ-यू-सीचे ठोकळे छान आहेत, पण तिथे एक पातळी म्हणजे मुख्यतः एकच क्रिया: आधी बेरीज-वजाबाकी, गुणाकार पुढे, भागाकार त्याच्याही पुढे. वर्ष-दीड वर्षात शाळेत घालायचं किंवा भारतात परतायचं घाटत असेल, तर हे लक्षात घ्या. बीस्ट अकॅडमीची चित्रकथा मजेदार आहे. कोड्यांशी झुंजायला आवडणाऱ्या मुलाला जोडीला द्यावी. मुख्य पुस्तक म्हणून मी ती पहिलीत देणार नाही.

जुड्यांसाठी आइस्क्रीमच्या काड्या आणि रबरबँड पुरतात. अमेरिकन नाणी मात्र सुरुवातीला नकोत: दहा सेंटचं नाणं पाच सेंटच्या नाण्यापेक्षा लहान असतं!

पुस्तकावरचा इयत्तेचा आकडा पाहून खरेदी करू नका. एकाची दुसरी ही दुसऱ्याची दुसरी नसते. बहुतेक प्रकाशकांची पातळी ठरवण्याची चाचणी फुकट मिळते, ती आधी सोडवून घ्या. सात वर्षांच्या मुलाला पहिलीचं पुस्तक निघालं तरी चालेल.

आणि पाढे? जरूर. सात आठे छप्पन्न तोंडावर असलं, की डोकं पुढच्या पायरीसाठी मोकळं राहतं. फक्त दहाचा आधी घ्या, काड्यांच्या जुड्या समोर ठेवून. मग पाचाचा, मग बेचा.