खेळ जपायचा, तर तो खेळलाच पाहिजे

जुन्या वस्तू जपणाऱ्यांपुढे एक प्रश्न नेहमीच उभा असतो : वस्तू वापरावी की नुसती सांभाळावी? तांब्याचा हंडा माळ्यावर ठेवला तरी हंडाच राहतो. ग्रंथ कपाटात मिटलेला असला तरी त्यातील अक्षरे पुसली जात नाहीत. परंतु काही वस्तू चालू असतात तेव्हाच खऱ्या अर्थाने अस्तित्वात असतात. नाणे टाकून उभ्याने खेळावयाचे आर्केड यंत्र ही त्यांपैकीच एक. त्याचा पडदा विझला की मागे उरते ती केवळ लाकडाची उंच पेटी.

अशा यंत्रांतील सर्वांत परिचित नाव म्हणजे ‘पॅक-मॅन’. जपानमधील नामको कंपनीत काम करणाऱ्या तोरू इवातानी या पंचविशीतील तरुणाने हा खेळ रचला आणि १९८० मध्ये तो लोकांपुढे आला. त्या काळी अवकाशातील शत्रूंवर गोळ्या झाडण्याच्या खेळांची चलती होती. स्त्रियांना आणि जोडप्यांनाही खेळगृहात यावेसे वाटेल, असे काही इवातानी यांना हवे होते. म्हणून त्यांनी युद्धाऐवजी खाण्याची कल्पना निवडली. निळ्या रेषांचा चक्रव्यूह, त्यात २४० लहान आणि ४ मोठे ठिपके, ते गिळत फिरणारे एक पिवळे तोंड आणि मागावर असलेली चार भुते, एवढाच हा संसार. प्रत्येक भुताचा स्वभाव मात्र निराळा आहे. तांबडे सरळ पाठलाग करते, तर गुलाबी पुढची वाट अडवू पाहते. भूत गिळले तरी त्याचे डोळे मधल्या घराकडे परततात आणि ते पुन्हा साकार होते.

अमेरिकेत मिडवे कंपनीने या खेळाच्या सुमारे एक लाख पेट्या बनविल्या. पंचवीस सेंटच्या नाण्यासाठी त्यांच्यापुढे रांगा लागत. पुढे घरोघरी संगणक आले, खेळगृहे ओस पडली आणि या पेट्या गोदामांत, तळघरांत, गाड्यांच्या गॅरेजमध्ये जाऊन पडल्या. आज हौशी मंडळी तेथूनच त्या शोधून घरी आणतात.

घरी आलेली पेटी बहुधा दयनीय अवस्थेत असते. वर्षानुवर्षे ओल्या फडक्याने फरशी पुसली गेल्यामुळे तिचा तळ फुगलेला असतो. आतील सर्किट बोर्डाला वीज पोहोचविणारा जोड उष्णतेने काळवंडलेला असतो. पडद्यावर चित्र आलेच तर ते कडेला वाकते किंवा आकसते. कारण पडद्यामागील बोर्डावरचे कपॅसिटर काळाच्या ओघात सुकलेले असतात. ते सारे एकदम बदलणे, तडकलेले सोल्डरचे सांधे पुन्हा पक्के करणे आणि दांड्याखालच्या स्विचांच्या पातळ पात्या हलक्या हाताने पुसणे, ही पहिली कामे होत.

यातील एक काम मात्र केवळ हौसेने करावयाचे नाही. जुन्या काचेच्या पिक्चर ट्यूबमध्ये वीस हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि वीज बंद केल्यानंतरही तो भार नळीत साठून राहू शकतो. जाणकार माणूस तो विधिपूर्वक चौकटीत उतरविल्याखेरीज आत बोट घालीत नाही. ज्याला हे ठाऊक नाही त्याने मागचे दार उघडू नये. टीव्ही दुरुस्त करणारा जुना कारागीर शोधावा. घरात मुले असतील तर त्या दाराला कुलूप असलेच पाहिजे.

खरी कसोटी पुढेच आहे. पॅक-मॅनचा चक्रव्यूह कधी हलत नाही. त्याच निळ्या रेषा त्याच जागी वर्षानुवर्षे उजळत राहिल्यामुळे त्या काचेच्या आतील लेपावर कायमच्या उमटतात. यंत्र बंद असतानाही पडद्यावर चक्रव्यूहाची छाया दिसते. अशी नळी काढून नवा सपाट पडदा बसवावा काय? चित्र स्वच्छ दिसेल. पण जुन्या नळीच्या रंगांची मऊ झळाळी जाईल. जुन्या टीव्हीतील जुळणारी नळी मिळाली तर काहीजण ती बसवितात, परंतु अशा नळ्यांचे मोठे उत्पादन आता थांबले आहे. बाजूंवरील चित्रांचेही तसेच. ओरखडे घासून नवा पिवळा रंग दिला तर पेटी चमकते. मात्र मूळ रंग कायमचा जातो. म्हणूनच जाणते कारागीर आधी पुसतात, मग सांधतात, आणि बदलणे अगदी शेवटी हाती घेतात.

संग्रहालयांनीही या प्रश्नाची उत्तरे आपापल्या परीने दिली आहेत. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने २०१२ मध्ये चौदा व्हिडिओ गेम संग्रहात घेतले, त्यांत पॅक-मॅन होता. तेथील प्रदर्शनात पेटी नव्हती, केवळ पडदा आणि खेळण्याचा दांडा होता. कारण त्यांना खेळाची रचना दाखवावयाची होती. याउलट न्यू हॅम्पशायर राज्यातील लॅकोनिया येथे, फनस्पॉट या जुन्या खेळगृहात असलेल्या अमेरिकन क्लासिक आर्केड म्युझियममध्ये शेकडो यंत्रे आपापल्या पेट्यांसह उभी आहेत. येणारा पाहुणा टोकन टाकून ती खेळतो. खेळण्याने यंत्र झिजते हे तेथेही कोणी नाकारीत नाही. परंतु बंद ठेवल्याने स्विच गंजतात, कपॅसिटर सुकतात आणि बिघाड कोणाच्या ध्यानीही येत नाही. झीज दोन्हीकडे आहे; एकीत निदान आनंद आहे.

घरातील पेटीने हाच धडा दिवाणखान्यात आणावा. उभ्या पेटीला दांडा एकच असतो. दोघे खेळत असतील तर एकाचा डाव संपेपर्यंत दुसऱ्याला थांबावे लागते. बोर्डावरील लहान स्विचांनी नाण्याविना खेळण्याची सोयही करता येते. तरीही कित्येक कुटुंबे नाणे टाकण्याची प्रथा मुद्दाम चालू ठेवतात. वाटीतील नाणी संपली की खेळ संपला, हे लहानांना सांगावे लागत नाही. ज्या आजोबांची बोटे मोबाइलच्या पडद्यावर अडखळतात, त्यांनाही चार दिशांचा हा दांडा क्षणात उमगतो.

आणखी एक गोष्ट या यंत्राला येत नाही. वीज गेली की सर्वोच्च गुणसंख्या पुसली जाते आणि दुसऱ्या दिवशी पडद्यावर पुन्हा शून्य असते. म्हणून घरचा विक्रम शेजारी ठेवलेल्या वहीतच लिहावा लागतो. त्या वहीत आजोबांचे नाव नातवाच्या वर असेल तर नातू उद्या पुन्हा नाणे टाकील, आणि चार दशकांची ती पेटी पुन्हा उजळेल.