पितृऋण आणि लेव्ही

हमालांना संघटित करणारे कामगारनेते डॉ. बाबा आढाव यांचे ८ डिसेंबर २०२५ रोजी पुण्यात निधन झाले. त्यानंतरच्या आठवड्यात सर्व पक्षांच्या नेत्यांनी वाहिलेल्या श्रद्धांजलींमध्ये हमालांचा बाप हरपला या अर्थाचे वाक्य इतक्या वेळा येऊन गेले की त्यातील ‘बाप’ म्हणजे मायेने पाठीवर हात फिरवणारा एक दयाळू वृद्ध, असाच वाचकाचा समज व्हावा. पुण्याच्या मार्केट यार्डातील हमालांचे त्यांच्याशी असलेले नाते पित्याचे होते यात शंका नाही; परंतु ते नाते दयेवर नव्हे, तर नोंदवही, पावती आणि वर्गणी यांवर उभे होते, आणि नेमका हाच भाग श्रद्धांजलीच्या भाषेतून गळाला. हे गळणे केवळ अनवधानाने झाले असे मानणे कठीण आहे, कारण निधनाच्या अवघे अडीच आठवडे आधी, २१ नोव्हेंबर २०२५ रोजी, केंद्राचे २९ कामगार कायदे गुंडाळून केलेल्या चार श्रमसंहिता अमलात आल्या होत्या आणि कामगाराच्या हक्काची चर्चा करण्यापेक्षा कामगारनेत्याच्या साधेपणाची स्तुती करणे त्या घडीला अधिक सोयीचे होते.

पूर्वेतिहास थोडक्यात आटोपता येतो. १ जून १९३० रोजी पुण्यात जन्म, आयुर्वेदाचे शिक्षण, राष्ट्र सेवा दलाचे संस्कार, नाना पेठेत दवाखाना, आणि त्या दवाखान्यात मान, कंबर, गुडघे यांची दुखणी घेऊन येणारे हमाल रुग्ण. या रुग्णांच्या दुखण्याचे मूळ औषधाच्या आवाक्याबाहेर आहे, ते पोत्याच्या वजनात आणि मजुरीच्या पद्धतीत आहे, हे कळल्यावर पन्नासच्या दशकाच्या मध्यास हमाल पंचायत स्थापन झाली. पुढे नगरसेवकपद, धरणग्रस्तांची आंदोलने, तुरुंगवास हे सारे झाले. नगरसेवकपदाच्या वर्षांवर चरित्रकार बरीच पाने खर्च करतात. मार्केट यार्डाच्या दृष्टीने ती ओलांडून गेले तरी फारसे बिघडत नाही.

त्या काळी भुसार बाजार, म्हणजे धान्य, कडधान्य, गूळ यांचा घाऊक बाजार, नाना-भवानी पेठेच्या परिसरात होता आणि गुलटेकडीचे आजचे मार्केट यार्ड नंतरचे. बाजार कुठेही असला तरी व्यवहाराची रचना एकच होती. शेतकऱ्याचा माल अडत्याकडे येई, अडत्या म्हणजे कमिशन घेऊन दुसऱ्याचा माल विकून देणारा मध्यस्थ. खरेदीदार तो उचले, तोलणार वजन करी आणि हमाल गाडीतून उतरवणे, थप्पी लावणे व पुन्हा भरणे ही कामे करी. पाठीवर बारदानाची खोळ ओढून, हातातील लोखंडी आकडा पोत्यात रुतवून शंभर किलोचे ओझे एका झटक्यात मानेवर घेणाऱ्या या माणसाचा मालक कोण, या प्रश्नाला मात्र कोणाकडेच उत्तर नव्हते. अडत्या खरेदीदाराकडे बोट दाखवी, खरेदीदार गाडीवाल्याकडे, आणि ज्याला मालकच नाही त्याला रजा, बोनस, भविष्यनिर्वाह निधी यांपैकी काहीही मागता येत नसे. पाय मोडला की काम सुटे आणि काम सुटले की गाव गाठायचे, एवढीच काय ती सामाजिक सुरक्षा होती.

म्हणून या मागोव्यात खरा मुक्काम सत्तरच्या दशकात करावा लागतो. मुंबईत अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली आणि पुण्यात हमाल पंचायतीच्या माध्यमातून झालेल्या लढ्यांच्या पार्श्वभूमीवर १९६९ मध्ये महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा झाला. माथाडी म्हणजे माथ्यावर ओझे वाहणारा. मालक कोण या गुंत्याचा या कायद्याने केलेला उलगडा जगाच्या कामगार कायद्यांतही उठून दिसावा असा आहे: सरकार, मालक व कामगार यांच्या प्रतिनिधींचे एक मंडळ स्थापायचे, हमालांच्या टोळ्या व व्यापारी या दोघांचीही तेथे नोंदणी करायची, व्यापाऱ्याने मजुरी हमालाच्या हातावर न टेकवता मंडळात भरायची आणि तिच्यासोबत ठरावीक टक्क्यांची लेव्ही, म्हणजे भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, रजा व औषधोपचार यांसाठीचा अधिभार, भरायचा. मालक अनेक असले तरी हमालाचे खाते एकच राहते, ही साधी पण विलक्षण कल्पना होती. मात्र कायदा संमत होणे आणि तो बाजारात उतरणे यांत मोठे अंतर असते. या कायद्याखालील योजना एकेका भागासाठी व एकेका व्यवसायासाठी वेगळ्या लागू कराव्या लागतात, आणि त्यासाठीची लढाई पेठेपेठेत, गाळ्यागाळ्यात लढावी लागली.

ज्या पिढीच्या वडिलांनी वारशात कर्ज आणि आकडा यांखेरीज काही ठेवले नव्हते, त्या पिढीच्या हातात प्रथमच स्वतःच्या नावाचे पासबुक आले. कृतज्ञतेचा उगम येथे आहे. नाव, वय आणि वारस यांचा रकाना भरून घेणारा माणूस हा त्या हमालाच्या आयुष्यातील पहिला असा वडीलधारा होता की ज्याने त्याच्या म्हातारपणाचा विचार तो तरुण असतानाच केला. पंचायतीची वर्गणी मात्र हमालालाच भरावी लागे. फुकट काही मिळणार नाही, ही या पित्याची पहिली अट होती.

दुसरी अट अधिक अवघड होती. १९७२च्या दुष्काळात सुरू झालेल्या ‘एक गाव एक पाणवठा’ मोहिमेने सवर्णांच्या विहिरीवर दलितांना पाणी भरू देण्याचा प्रश्न गावोगाव नेला, आणि पुण्यात एका थप्पीवर खांद्याला खांदा लावणाऱ्या हमालाला गावी गेल्यावर आपल्या विहिरीपाशी आपण कोण असतो याचे उत्तर द्यावे लागले. मजुरीवाढ मिळवून देणाऱ्या नेत्याने जातीचा विषय काढू नये, संघटना फुटते, असा व्यवहारी सल्ला डाव्या चळवळीतही त्या काळी सर्रास दिला जाई. तो न मानता संघटना टिकली, हे त्या सल्लागारांनी पुढे कधी मोकळेपणाने मान्य केल्याचे दिसत नाही. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांतील पगारकरारांवर परिसंवाद भरवणाऱ्या पुणेरी विद्वत्तेला हाकेच्या अंतरावरचा हमाल दिसत नव्हता, हेही नोंदवून ठेवणे भाग आहे.

१९७४ मध्ये ‘कष्टाची भाकर’ हे ना नफा ना तोटा तत्त्वावरील उपाहारगृह पंचायतीने सुरू केले, ते आजही चालते. पहाटे कामाला लागणाऱ्या माणसाला भाकरी, झुणका, भाजी परवडेल अशा दरात मिळावी एवढाच हेतू होता आणि त्याला सरकारी अनुदानाचा टेकू नव्हता. १९९५ नंतर युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रे चौकाचौकांत काढली; काही वर्षांतच योजना बंद पडली आणि मोक्याच्या जागांवरील त्या टपऱ्यांमध्ये इतर खाद्यपदार्थांचे धंदे थाटले गेले. भाकरीच्या या दोन प्रयोगांची तुलना प्रशासनाच्या अभ्यासक्रमात असायला हवी होती. माथाडी कायदा लागू झाला तर व्यापार पुण्याबाहेर जाईल, हे सत्तरच्या दशकातील भाकीतही असेच विसरले गेले: बाजार गुलटेकडीला गेला, तेथे वाढला, आणि भाकीत करणाऱ्यांचे गाळेही वाढले.

नंतरची दशके महत्त्वाची असली तरी ती याच बियाण्याची पिके आहेत. १९९३ची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत कचरावेचकांसाठी झाली, रिक्षाचालकांची पंचायत झाली, असंघटितांच्या संघटनेचा नमुना मार्केट यार्डाबाहेर पोहोचला. बाबा स्वतः यार्डालगतच्या हमालनगरात राहत, ही गोष्ट लेखांत साधेपणाचा पुरावा म्हणून येते. खरे तर ती सोयीची होती, तक्रार घेऊन येणाऱ्याला फार चालावे लागत नसे.

आज त्या वारशाची झीज उघड दिसते. इलेक्ट्रॉनिक काटे आल्यावर तोलाई, म्हणजे तोलणाराची मजुरी, कशासाठी द्यायची असा वाद उभा राहिला. जुलै २०१६ मध्ये फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त झाला. माल यार्डाला वळसा घालून थेट गोदामांत आणि मॉलमध्ये जाऊ लागला, जेथे तो उचलणारा माणूस कंत्राटदाराचा असतो आणि त्याचे नाव माथाडी मंडळाच्या वहीत नसते. माथाडीच्या नावाने खंडणी उकळणाऱ्या बोगस टोळ्यांचे निमित्त करून २०२३ मध्ये कायदादुरुस्तीचे विधेयक आणले गेले, तेव्हा खंडणीखोरांना पकडायला दंडसंहिता पुरेशी असताना कायद्याच्या संरक्षणाचे क्षेत्रच आखूड का करता, असा रास्त आक्षेप संघटनांनी घेतला आणि नव्वदी ओलांडलेल्या बाबांना पुन्हा रस्त्यावर यावे लागले. नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभा निकालानंतर ते महात्मा फुले वाड्यात तीन दिवस आत्मक्लेश उपोषणाला बसले, तेव्हा त्यांचे वय ९४ होते. त्यांच्या निर्धाराचे कौतुक झाले. परंतु त्या वयाच्या माणसावाचून हे काम अडते, याचा अर्थ मुलांनी बापाचे ओझे वेळेवर उचलले नाही असा होतो, आणि पुरोगामी महाराष्ट्राने तो अर्थ ऐकूनही न ऐकल्यासारखे केले.

त्यांचा अखेरच्या टप्प्यातील एक आग्रह तर जवळजवळ विस्मरणात गेला आहे. लेव्हीची वही ज्यांच्यापर्यंत पोहोचलीच नाही, अशा सर्व वृद्ध श्रमिकांना निवृत्तिवेतन मिळावे म्हणून २०१२ मध्ये पेन्शन परिषदेच्या वतीने त्यांनी सामाजिक कार्यकर्त्या अरुणा रॉय यांच्यासह दिल्लीत धरणे धरले. मागणी दरमहा किमान २,००० रुपयांची होती. राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतनातील केंद्राचा वाटा ६० ते ७९ वर्षे वयाच्या माणसासाठी तेव्हा दरमहा २०० रुपये होता; बाबांच्या निधनाच्या दिवशीही तो २०० रुपयेच होता.