पाचपैकी किती?

मागच्या व्याख्यानात आपण 'मला आवडलं' आणि 'हे चांगलं आहे' ही दोन विधानं वेगळी करून पाहिली होती. तेव्हा एका श्रोत्याने विचारलं होतं, की रोजच्या वाचनात हा फरक कुठे दिसतो? आज त्याचंच उदाहरण घेऊ, आणि तेही घरचंच.

मुलुंडला आमचा एक छोटा वाचक गट आहे. महिन्यातून एकदा जमायचं, नुकतंच वाचून संपवलेल्या पुस्तकाबद्दल बोलायचं आणि शेवटी पाचपैकी गुण द्यायचे. गुणांची ही टूम नवी असली तरी वाचकाला मत विचारणं आपल्याकडे नवीन नाही. केशवराव कोठावळे यांनी १९६४ मध्ये सुरू केलेल्या 'ललित'मधली 'चोखंदळ वाचकांची निवड' तुमच्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. पुढे 'ग्रंथाली' तर वाचकांची चळवळ म्हणूनच उभी राहिली, आणि १९७८ साली 'बलुतं' तिच्यामार्फत आलं.

तर आमच्या गटात बरेच महिने सगळ्या पुस्तकांना चार नाहीतर पाच गुण मिळत होते. आम्हाला वाटायचं, वा, निवड उत्तम होतेय! मग एकदा जिना उतरताना बँकेतून निवृत्त झालेल्या एक बाई म्हणाल्या, "सर, तुम्ही सुरुवातीलाच पाच म्हणून टाकता. त्यानंतर आम्ही काय बोलायचं?"

आयुष्यभर वर्गात शिकवल्याची ही खोड. आधी आपण बोलायचं, मग इतरांना 'मोकळेपणाने बोला' म्हणायचं! (हशा)

पुढच्या बैठकीला आम्ही चिठ्ठ्या वाटल्या. बोलण्याआधी प्रत्येकाने आपापले गुण लिहायचे. पुस्तक होतं नेमाड्यांची १९६३ ची 'कोसला'. बारा चिठ्ठ्या उघडल्या. सहा जणांनी पाच दिले होते, सहा जणांनी एक. सरासरी किती? तीन. आता बघा, 'कोसला' मध्यम प्रतीची आहे असं त्या खोलीत एकाचंही मत नव्हतं. जे मत कुणाचंच नव्हतं, ते आम्ही गटाचं मत म्हणून वहीत लिहिणार होतो.

मग कारणं विचारली, आणि खरी गंमत तिथे झाली. एक गृहस्थ म्हणाले, "पोरगा पुण्यात बापाचे पैसे खर्च करतो, धड शिकत नाही, शेवटी गावी परत जातो. यात वाचायचं काय?" दुसरे खानदेशातून शिकायला आलेले, वसतिगृहात राहिलेले. ते म्हणाले, "हेच तर वाचायचं." दोघांचं बोट एकाच गोष्टीवर होतं. एकाने तिच्यासाठी गुण कापले, दुसऱ्याने दिले.

ह्यूमने रुचीच्या निकषावरच्या १७५७ सालच्या निबंधात 'डॉन किहोते'मधला एक किस्सा सांगितला आहे. सँचोच्या दोन नातलगांना पिंपातली वाइन चाखायला दिली. एक म्हणाला, छान आहे, पण किंचित चामड्याची चव लागते. दुसरा म्हणाला, लोखंडाची. लोकांनी दोघांची टर उडवली. पिंप रिकामं केल्यावर तळाशी सापडली किल्ली, चामड्याच्या वादीला बांधलेली. दोघेही बरोबर! आता दोघांनी नुसतेच 'पाचपैकी चार' म्हटलं असतं, तर किल्लीचा पत्ता कुणाला लागला असता?

अर्थात पुस्तक पिंपासारखं रिकामं करून दाखवता येत नाही. इथे कांट मदतीला येतो. १७९० च्या ग्रंथात तो म्हणतो, वाइन 'मला' रुचते एवढं म्हणून थांबता येतं, तिथे वाद नाही. पण एखादी गोष्ट सुंदर आहे असं म्हटलं, की इतरांनीही मान्य करावं अशी अपेक्षा आपण बोलून बसतो. ती सिद्ध करता येत नाही आणि सोडवतही नाही. मराठीत याची सविस्तर चर्चा हवी असेल तर रा. भा. पाटणकरांची 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) जरूर वाचा. सावकाश वाचा, घाईचं पुस्तक नव्हे ते.

आमच्या दृष्टीने गुण देणारा माणूस या दोन्हींच्या मधे उभा असतो. 'माझी आवड' म्हणून त्याला कारण द्यायचं नसतं, आणि आकडा मात्र पुस्तकावर चिकटवायचा असतो. म्हणून आता आमच्या चिठ्ठीवर गुणांशेजारी पान क्रमांक लिहावा लागतो. ज्या पानामुळे गुण दिले किंवा कापले, ते पान. मग ते मोठ्याने वाचायचं.

त्या बँकेतल्या बाईंनी 'कोसला'ला एकच गुण दिला होता. पुढच्या वेळी त्या पुस्तक घेऊन आल्या आणि मनीच्या, म्हणजे नायकाच्या धाकट्या बहिणीच्या, मृत्यूचा भाग त्यांनी वाचला. खोलीत कुणी बोललं नाही. मग त्या म्हणाल्या, "याला पाच. बाकीच्याला माझा एकच."

वही लिहिणाऱ्याने विचारलं, मग एकूण किती मांडू? थोडा वाद झाला. शेवटी तो रकाना कोराच राहिला, अजून तसाच आहे.